बोलत राहा

नऊ महिने एक ओळ नाही.
म्हणजे ओळी यायच्या,
पण जिभेवर ठेवून पाहिल्या
की मागच्याच पुस्तकाची चव.
शेवटी वही न घेता मिनीबसमध्ये बसले
आणि काखेतीला आले, मलखाजमामाकडे.
काय लिहितेस, असं त्याने विचारलं नाही.
म्हणाला, "बरं झालं आलीस.
दाची यंदा फुगलाय, तोंडातून आत जाईना.
तू काटकुळी आहेस."

अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले सहा रांजण.
क्वेव्री म्हणतो आम्ही.
वरून नुसती सहा भोकं दिसतात,
बेसावध माणसाचा पाय जाईल एवढी.
आत मात्र पुरुषभर उंचीचा काळोख,
आणि आठ दिवसांवर आलेली द्राक्षांची तोड.

मामाने आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडली.
ती विझली नाही, तेव्हा मला सोडलं.
हातात चेरीच्या सालींचा कुंचा,
काखेत दोरी, आणि एकच ताकीद:
"बोलत राहा. गाणं म्हण, शिव्या दे, काहीही.
आवाज थांबला की ओढून काढीन."

गाणी मला येत नाहीत.
भिंतीला गेल्या सालची खरवड धरली होती,
ती खरवडत मी आधी पाढे म्हटले.
एकोणीसला अडले.
मग घरमालकिणीची तक्रार.
मग स्टेशनसमोर बूट शिवणारी ती बाई,
जिला ओठांत दाभण धरूनही हसता येतं.
दंतवैद्याकडच्या काचेच्या टाकीतला मासा,
जो दर खेपेला दुसराच असतो
आणि आम्ही सगळे तोच असल्यासारखं वागतो.
एका लग्नात मी चोरलेला चमचा,
ज्याने मी अजून साखर ढवळते.
एल्गुजाने शाळेत मला लिहिलेलं प्रेमपत्र,
जे मीच त्याच्याकडून लिहून घेतलं होतं.
शब्द भिंतीवर आपटून
जाड होऊन परत यायचे,
कुणा दुसऱ्याच बाईचे असल्यासारखे,
आणि ही बाई पुढे काय सांगते
ते मला ऐकावंसं वाटू लागलं.

म्हणून मी गप्प झाले.
दोरी कचकन काखेत रुतली.
"मेलीस का गं?"
"नाही!"
"मग बोल की!"

वर आले तेव्हा कोपरं जांभळी झाली होती.
मामाने पाणी ओतलं, घुसळलं, उपसलं,
तळाच्या बादलीत पेला बुडवला
आणि स्वतःच प्याला.
थुंकला. "मागचं आहे अजून."
मी पुन्हा खाली.
असं तीनदा.
चौथ्यांदा पेला त्याने माझ्यापुढे धरला.
रांजण धुतलेलं पाणी.
डोळे मिटून घोट घेतला.
कशाचीच चव नव्हती त्याला;
असलीच तर गारव्याची.
"हं," मामा म्हणाला,
"आता पुढचं द्राक्षं बघतील."

आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
मी नऊ महिने कोरड्या आडाला रडले
आणि आड काठोकाठ भरलेला होता,
शिळ्याने.

त्या रात्री काहीही लिहिलं नाही.
हे नीट सांगायला हवं,
नाहीतर लोकांना वाटतं
रांजणातून निघालं की लगेच पुस्तक.
दाचीच्या आईने पाठीला अक्रोडाचं तेल चोळलं,
मी पावात चीज कोंबून
उभ्याउभ्याच खात होते,
आणि मामा, जो दिवसभर दोरी धरून
वर ढिम्म बसला होता,
त्याने ताटावरून मान न उचलता विचारलं,
"तो चमचा.
कुणाच्या लग्नातला?"

सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.
अजून पाच रांजण बाकी होते.
म्हटलं, "उद्या. खाली गेल्यावर."